मुनेश्वर सर गप्प बसतात

कळंबच्या शिक्षण परिषदेचं सूत्रसंचालन आपल्याकडेच येणार, हे अश्वजित मुनेश्वर सरांनी गृहीत धरलं होतं. त्यात त्यांची काही चूक होती असं म्हणवत नाही. उमरखेड तालुक्यात शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाचा निरोप समारंभ असो की जयंतीची सभा असो, माइक फिरून फिरून शेवटी त्यांच्याच हातात यायचा, आणि एकदा आला की लवकर परत जायचा नाही. म्हणून त्यांनी नवा शर्ट इस्त्री करून घेतला होता, आणि दोन वक्त्यांच्या मधली जागा भरायला काही चारोळ्या पाठ केल्या होत्या. सभागृहाच्या दारात एका तरुण मॅडमनी त्यांना पेन दिला, फोल्डर दिलं आणि छातीवर लावायला एक बिल्ला दिला. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'श्रोता'.

मुनेश्वर सर मागून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. सूत्रसंचालन त्याच तरुण मॅडम करत होत्या आणि, सरांच्या मते, फारच आटोपशीर करत होत्या.

परिषद होती शिक्षकांची आणि सादरीकरणंही शिक्षकांचीच. आपापल्या वर्गात काय करून पाहिलं, ते जिल्हाभरातले शिक्षक एकमेकांना सांगत होते. एकानं चिंचोक्यांवर गणित शिकवलं होतं. दुसऱ्यानं कोलामी बोलीतली गाणी जमवून पहिलीचा वर्ग चालवला होता. मग केळापूरकडच्या पुष्पा राठोड मॅडम उठल्या. बाई बारीक चणीच्या, आवाज हळू. त्या म्हणाल्या, "मी माझा एक तास मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि घरी जाऊन ऐकला. सगळा तास माझाच आवाज. मुलांचा शोधून सापडेना. तेव्हा मी ठरवलं, आता आपण गप्प बसायचं."

नेमका इथंच माइक किंचाळला. सभागृहातल्या एवढ्या माणसांपैकी कुणीही जागचं हललं नाही. मुनेश्वर सरांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. ते उठले आणि पडद्यामागच्या साउंडवाल्याकडे गेले. त्याला त्यांनी कुठलं बटण किती फिरवायचं ते सांगितलं. साउंडवाल्यानं विचारलं, "तुम्ही कोण?" सरांच्या आधी बिल्ल्यानंच उत्तर दिलं. साउंडवाल्यानं ते वाचलं आणि पाठ फिरवली. त्यावरून जी बोलाचाली झाली ती जरा लांबली. सर परत जागेवर आले तेव्हा राठोड मॅडम शेवटचं वाक्य बोलत होत्या, "...आणि मग वर्ग बोलायला लागला." आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

उभं राहून टाळ्या. मुनेश्वर सरांना आजवर टाळ्या पुष्कळ मिळाल्या होत्या, पण त्या बसून.

परतीच्या क्रूझरमध्ये केंद्रप्रमुख डोमाजी गेडाम पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी आपल्या केंद्राची परिषद हाय. आज जे ऐकलं त्यातलं एक तरी शाळेत करून दाखवायचं. नुसतं जेवून घरी जायचं नाई. सांगा, कोण काय घेते?"

सगळ्यांनी चिंचोके घेतले. चिंचोके सोपे होते.

"मुनेश्वर, तुमचं?"

"राठोड मॅडमचं," सर म्हणाले. "गप्प बसायचं."

क्रूझरमध्ये सगळे असे हसले की ड्रायव्हरनं गाडी हळू केली. गेडाम सरांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "तुमी? अन् गप्प?"

"आठवडाभर," मुनेश्वर सर म्हणाले. खरं तर त्यांना 'एक दिवस' म्हणायचं होतं. त्या हसण्यानं आठवडा केला.

घरी त्यांच्या पत्नीनं, दीपाताईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांनी संसाराइतकीच नोकरी केली होती.

"शाळेतच, का घरी पण?" त्यांनी विचारलं.

"शाळेतच."

"असं होय," दीपाताई म्हणाल्या आणि भाजी परतायला आत गेल्या. त्या 'असं होय'मध्ये थोडी निराशा होती की काय, हे सरांना जेवण होईपर्यंत ठरवता आलं नाही.

शेजाऱ्यांना कुणी सांगितलं कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दोघं हजर होते. विमलताई नुकत्याच विपश्यनेच्या शिबिराहून आल्या होत्या आणि मौन या विषयावर त्यांचा अधिकार कॉलनीत कुणी नाकारत नव्हतं. त्या म्हणाल्या, "जिभेचं मौन म्हणजे अर्धंच मौन, सर. खाणाखुणा बंद. मान हालवणं बंद. नजरेनं बोलणं पण बंद."

"मग मी पोट्ट्यायले शिकवू कसं?"

"ते मले नाई माहीत. मी मौनाचं सांगून राह्यली."

भीमराज काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी खिशातून पितळी शिट्टी काढून सरांच्या हातावर ठेवली. "सारी नोकरी म्या हिच्यावर गाडी मागं घेतली. भरलेली गाडी आयकते, मंग चार पोट्टे काहून नाई आयकणार? ठेवा."

सरांची शाळा पळसतांड्याला होती. तांडा म्हणजे बंजारा वस्ती, शेतीवर जगणारी. शाळा पहिली ते चौथी. मुख्याध्यापिका बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे चारही वर्ग एकट्या मुनेश्वर सरांच्या गळ्यावर चालले होते. आणि गळा मजबूत होता. सर शिकवायला लागले की शेतात निंदायला गेलेल्या बायांनाही पाढे ऐकू जायचे.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या आठवड्यात मी बोलणार नाही. तुम्ही बोला.' चौथीतल्या प्रियंका आडेनं ते वाचून दाखवलं. पहिलीच्या मुलांना कळलं नाही, तेव्हा तिनं ते त्यांच्या घरच्या गोरबोलीत सांगितलं. काय सांगितलं ते सरांना कळलं नाही. पहिलीतला एकजण रडायला लागला, त्या अर्थी काही बरं सांगितलं नसावं.

मग कोणीच बोलेना. मुलं सरांकडे बघत होती आणि सर, विमलताईंच्या आदेशाप्रमाणे, नजरेनं काही बोललं जाऊ नये म्हणून खिडकीबाहेरच्या बाभळीकडे बघत होते. असा बराच वेळ गेल्यावर त्यांना शिट्टी आठवली. त्यांनी ती वाजवली. सगळी शाळा उठून मैदानावर धावली आणि कवायतीच्या रांगा धरून उभी राहिली. त्यांना परत बोलवायला सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली. मुलं मैदानाला चक्कर मारायला लागली. शिट्टी जितकी वाजे तितक्या चकरा वाढत. शेवटी मुलं आपणहून दमली तेव्हा आत आली.

खिचडी शिजवणाऱ्या रुक्माबाई हे सगळं चुलीपासून पाहत होत्या. त्या पदराला हात पुसत आल्या. "गुर्जी, घसा बसला काय?"

मान हलवायची नाही असं ठरलं होतं. सर बाभळीकडे बघत राहिले.

"जास्तच बसला बाप्पा," रुक्माबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पितळी गिलासात एक काढा आणून दिला. त्यात अद्रक होतं, ओवा होता आणि कडुलिंबाची साल पुष्कळ होती. नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून सर प्याले. प्याले म्हणजे गुण येत असेल, असा अर्थ काढून रुक्माबाईंनी दुसरा गिलास आणला.

मंगळवारी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भीमसिंग राठोड आले. हा माणूस एरवी बैठकीला बोलावूनही येत नसे. ते सरांच्या समोर बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "गुर्जी, नळाचं मनाले लावून घेतलं काय तुमी?"

शाळेचा नळ दिवाळीपासून तुटलेला होता. सरांनी दर बैठकीत त्यावर भाषण केलं होतं आणि भाषणं चांगली झाली होती. आता ते काहीच बोलले नाहीत. भीमसिंग उठून गेले. दुपारी प्लंबर आला आणि संध्याकाळच्या आत नळाला पाणी आलं. मुलांनी नळाखाली डोकी धरली. मुनेश्वर सरांना आनंद व्हायला हवा होता. पण आपल्या इतक्या भाषणांनी जे झालं नाही ते आपण तोंड मिटल्याबरोबर झालं, हे एखाद्या वक्त्यानं कुठं जाऊन सांगावं?

नळ दुरुस्त झाला तरी गुरुजी बोलत नाहीत, म्हटल्यावर तांडा खरोखर घाबरला. विहिरीवर, किराणा दुकानात एकच विषय झाला. बुधवारी सकाळपर्यंत निष्कर्षही निघाला होता, की गुरुजींनी बदलीचा अर्ज टाकला आहे आणि सांगायला जड जातं म्हणून ते गप्प आहेत. गुरुजी गेले, मॅडम रजेवर, म्हणजे शाळेला कुलूप. ही भीती काही हवेतली नव्हती. शाळेची पटसंख्या आधीच कमी होती. त्याच दिवशी इंग्रजी शाळेची एक पिवळी व्हॅन तांड्यावर दोन चकरा मारून गेली. व्हॅनवाला खाली उतरून आयांशी हसून बोलला आणि पोरांना गोळ्या वाटल्या.

सरांनी हे शाळेच्या ओट्यावरून पाहिलं. व्हॅनच्या खिडकीशी त्यांच्या पहिलीतल्या दोन मुली गोळ्या चघळत उभ्या होत्या. चार घरांनी जरी नावं काढली तरी शाळा बंद व्हायला कारण मिळत होतं. आता बोलावं, सगळ्यांना जमवून समजावून सांगावं, असं त्यांना फार वाटलं. पण क्रूझरमधलं ते हसणं अजून कानात होतं. ते आत गेले.

आत वर्ग भरलेला होता.

त्यांच्याशिवाय भरलेला होता. प्रियंका खुर्चीवर बसली होती, हातात पट्टी घेऊन, आणि बाकीचे समोर बसून शाळा-शाळा खेळत होते. प्रियंकानं घसा खाकरला, तो हुबेहूब मुनेश्वर सरांसारखा. मग दणदणीत आवाजात विचारलं, "सांगा बरं मुलांनो, सूर्य कुठं उगवतो?" आणि श्वास न घेता स्वतःच उत्तर दिलं, "पूर्वेला. शाब्बास. पानाला रंग कुणामुळे येतो? हरितद्रव्यामुळे. शाब्बास. बसा खाली."

कुणी उभंच राहिलं नव्हतं. मुलं पोट धरून हसत होती. तिसरीतला रजत म्हणाला, "आता मी गुर्जी, मी." त्यानं तर प्रश्नही पुरा विचारला नाही. अर्ध्यातच उत्तर देऊन स्वतःला शाब्बास म्हणून घेतलं.

मुनेश्वर सर दाराच्या आड उभे राहिले. आपल्याला राग येतोय असं त्यांना आधी वाटलं. मग लक्षात आलं की तो राग नव्हता. इतकी वर्षं आपण प्रश्न विचारतो आणि मुलं उत्तर देतात, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. उत्तर देणारी एकतरी मुलगी, एकतरी मुलगा आठवून पाहायचा त्यांनी प्रयत्न केला. स्वतःचाच आवाज आठवला.

तिकडे बातमी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर चढत होती. भीमसिंगनं बिचाऱ्यानं चांगल्या मनानं तालुक्याच्या ओळखीच्या माणसाला फोन केला होता, की आमचे गुर्जी बोलत नाहीत, जरा तब्येतीचं पाहा. त्या माणसानं पुढं सांगितलं, शिक्षक शिकवत नाहीत. ते ज्यानं ऐकलं त्यानं आणखी पुढं सांगितलं, शाळेत शिक्षक नाहीत.

बुधवारी दिवेलागणीला मुनेश्वर सरांच्या घरी केंद्रप्रमुख गेडाम आले. चपला न काढताच दारातून म्हणाले, "मुनेश्वर, उद्या विस्तार अधिकारी येऊन राह्यले तुमच्या शाळेवर. तक्रार गेली वरपर्यंत. तुमी फोन काहून नाई उचलत?"

"शाळेच्या वेळेत केला असंल तुमी."

"मंग शाळेच्या वेळेतच करीन ना मी." गेडाम सर ओसरीवर बसले. ते आता हसत नव्हते. "हे पाहा, तुमच्यासंगं माझंही नाव येते. कोणी सांगितलं होतं आठवडाभर?"

भीमराज काका कुंपणापलीकडून म्हणाले, "मेडिकल टाका. घशाचं. मी लई वेळा टाकलं." विमलताईंनी सांगितलं की भीती ही मनात येते आणि जाते, तिच्याकडे नुसतं बघायचं. मुनेश्वर सरांनी बघितलं. ती गेली नाही. निलंबन हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण तो ओसरीवर सगळ्यांच्या मधोमध बसलेला होता.

गेडाम सर गेल्यावर फोन वाजला. पुष्पा राठोड मॅडम होत्या. दीपाताईंनीच परिषदेच्या ग्रुपवरून त्यांचा नंबर काढून त्यांना निरोप धाडला होता. हे काम त्यांनी नवऱ्याला विचारून केलं नव्हतं.

"सर, मी ऐकलं ते खरं आहे काय? तुम्ही आठवडाभर गप्प?"

"हो. तुमच्या सादरीकरणाप्रमाणे."

"सर, मी असं कुठं म्हटलं? मी म्हटलं, प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. आपण विचारतो अन् लगेच आपणच सांगून टाकतो. ते नाही करायचं. विचारायचं अन् थांबायचं. पोरं विचार करेपर्यंत. लई अवघड जाते, आपल्यालाच घाम फुटते. पण थांबायचं. एवढंच होतं माझं. तुम्ही होते ना सभागृहात?"

मुनेश्वर सर पडद्यामागं होते. आता शाळेची वेळ नव्हती, मौनाचा काही नियम आड येत नव्हता, बोलायला सगळी मोकळीक होती, आणि त्यांना एक शब्द सुचला नाही.

"सर? ऐकून राह्यले ना?"

"ऐकून राह्यलो," ते म्हणाले.

दीपाताईंनी जेवायला वाढलं. ताटात सरांच्या आवडीची वांग्याची भाजी होती, आणि त्यावरून परिस्थिती किती गंभीर आहे ते सरांना कळलं.

गुरुवारी जीप आली तेव्हा अर्धा तांडा शाळेच्या खिडक्यांना लागलेला होता. रुक्माबाई चूल सोडून आल्या होत्या. विस्तार अधिकारी उंच, पोट सुटलेले, घाईत असलेले गृहस्थ होते. ते सरळ वर्गात आले, मागून गेडाम सर आणि भीमसिंग.

"नमस्कार साहेब," मुनेश्वर सर म्हणाले.

खिडकीतून एक मोठा उसासा आला. रुक्माबाई शेजारणीला म्हणाल्या, "बोलले. काढा लागला."

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मुनेश्वर. सहायक शिक्षक."

"मुनेश्वर तर शाळेत नसतात अशी तक्रार आहे." साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "खरं सांगा. त्यांच्या जागेवर तुम्ही किती दिवसांपासून येता?"

सरांनी गेडाम सरांकडे पाहिलं. गेडाम सर म्हणाले, "साहेब, हेच मुनेश्वर."

"पण मला तांड्यावर सांगितलं की ते बोलत नाहीत. हे तर बोलतात."

"आजच बोलून राह्यले," भीमसिंग मदतीला म्हणून म्हणाले. "सोमवारपासून बंद होते."

हे ऐकल्यावर साहेबांचा चेहरा आणखी बिघडला. मुनेश्वर सरांनी ओळखपत्र दाखवलं. त्यावरच्या फोटोत ते वीस वर्षांनी लहान होते आणि त्यांना मिशी होती, त्यामुळे त्याचा उपयोग व्हायच्या ऐवजी उलटच झालं. शेवटी साहेब मुलांकडे वळले. "हे कोण आहेत?"

"गुर्जी," सगळी मुलं म्हणाली.

"ठीक आहे," साहेब खुर्चीवर बसले आणि घड्याळ पाहिलं. "शिकवा. मला बघू द्या."

मुनेश्वर सर फळ्यापाशी उभे राहिले. एरवी अशा वेळी त्यांनी जे सुरू केलं असतं ते साहेबांची जीप सुटेपर्यंत थांबलं नसतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर गजांच्या सावल्या पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सकाळी आपली सावली लांब असते. दुपारी एवढीशी होते. असं काहून होते?"

आणि ते थांबले.

कुणी बोललं नाही. साहेब मुलांकडे पाहत होते. मुलं जमिनीकडे पाहत होती. मुनेश्वर सरांच्या जिभेवर उत्तर येऊन उभं राहिलं, सूर्याच्या कोनासकट, आकृतीसकट. त्यांनी दात आवळले. गेडाम सर साहेबांच्या मागून हातानं सूर्य वर चढवून दाखवायला लागले, पण ते बघायला कुणाचं लक्ष नव्हतं. भीमसिंगना उत्तर येत होतं आणि ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा रुक्माबाईंनी खिडकीतून त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. साहेबांनी परत घड्याळ पाहिलं. मुनेश्वर सरांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. आपली नोकरी, तांड्याची शाळा, ती पिवळी व्हॅन, हे सगळं या एका गप्प बसण्यावर टांगलेलं आहे आणि आपण ते अजून ताणतो आहोत, हे त्यांना कळत होतं. तरी ते थांबले.

"मुलांना येत नाही वाटतं," साहेब म्हणाले.

"छेनी," रजत म्हणाला. म्हणजे 'नाही'. मग मराठीत आला. "तसं नाई साहेब. सकाळी सूर्य तिकून आडवा पाह्यते आपल्याले. मंग सावली पार दूर जाऊन पडते. दुपारी तो डोक्यावर येते, वरून पाह्यते. तवा सावली कुठं जाईन? पायाखालीच राह्यते."

"अन् कंदिलाची पण तशीच," मागून एक मुलगी म्हणाली. ती दुसरीतली होती आणि सरांनी तिचा आवाज आजवर हजेरीपुरताच ऐकला होता. "कंदील खाली ठेवला का याडीची सावली छपरावर जाते. वर टांगला का लहान होते." याडी म्हणजे तिची आई. आई खिडकीतच होती. ती पदराआड हसली.

मग बोलणाऱ्यांना आवरता येईना. कुणी म्हणालं सायंकाळी परत लांब होते पण उलट्या बाजूनं, कुणी म्हणालं बैलाची वेगळी पडते. निम्मं गोरबोलीत चाललं होतं. सरांना कळलं नाही तिथं त्यांनी "परत सांग" म्हटलं, आणि प्रियंका अर्थ सांगू लागली. मुलांनी साहेबांना ओट्यावर नेऊन उन्हात उभं केलं आणि त्यांची सावली पावलांनी मोजली. सावलीत साहेबांचं पोट जरा जास्तच आलं. त्यावर कुणी हसलं नाही, फक्त मोजताना पोटाचं पाऊल वेगळं धरायचं का, यावर वाद झाला.

साहेब आत आले तेव्हा त्यांचा चेहरा तसाच होता, पण ते खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभे राहिले. "बरं," ते म्हणाले, "आता मी विचारू, का तुम्हाला काही विचारायचं आहे?"

रजतनं हात वर केला. "साहेब, रात्री आपली सावली कुठं जाते?"

साहेबांनी लगेच तोंड उघडलं. मग मिटलं. गेडाम सर पुढं झाले, "अरे, असं पाहा, रात्री सूर्य..."

"सर," प्रियंका म्हणाली, "साहेबाइले विचार करू द्या."

गेडाम सर थांबले. सगळा वर्ग थांबला. मुलं हाताची घडी घालून साहेबांकडे पाहत होती, घाई न करता. खिडकीतली माणसंही गप्प झाली. मुनेश्वर सरांना उत्तर येत होतं, छान मांडता आलं असतं. ते त्यांनी गिळलं आणि फळ्याला पाठ टेकून उभे राहिले. साहेबांच्या कपाळावर घाम आला. तो कुठून येतो ते सरांना आता नीट माहीत होतं.

"कुठं जात नसावी," साहेब सावकाश म्हणाले. त्यांच्या मराठीतलं कार्यालय निघून गेलं होतं आणि आतलं गाव बाहेर आलं होतं. "मले वाटते, रात्र म्हणजे पृथ्वीचीच सावली. एवढी मोठी का आपण सारे तिच्यात बसलो राह्यतो. मंग आपली एवढीशी सावली त्यात दिसणार कशी?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. रजतनं थोडा विचार केला. उत्तर त्याला पटलेलं दिसलं, पण पूर्ण नाही.

"मंग आता दिवसा ती मोठी सावली कुठं हाय?"

साहेबांनी हळूच खुर्ची ओढली, मुलांच्या समोर आणून ठेवली आणि बसले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून टेबलावर पालथं ठेवलं. बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही.